धुरपा डुकरिणीचा पुतळा

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी एकमेकांचे सत्कार करत सुखाने राहत असत.

कोणी शिकार केली की सत्कार. शिकार हुकली की प्रयत्नांबद्दल सत्कार. कोल्ह्याचा सत्कार तरस करायचा, तरसाचा सत्कार कोल्हा करायचा आणि दोघांचा मिळून वनराज वाघमहाराज करायचे. शाली कमी पडत, म्हणून त्याच त्या फिरत असत. एक शाल तर इतकी फिरली होती की तिला सगळ्या जंगलाचा वास यायचा.

या जंगलातून एक ओढा वाहत होता. ओढ्यावर मातीचा बंधारा होता. बंधाऱ्यामागे पाणी साठायचं आणि ते सगळं जंगल उन्हाळाभर प्यायचं. बंधारा कोणी बांधला, हे कोणी विचारत नसे. पाणी पिताना तोंड पाण्यात असतं, त्यामुळे प्रश्न विचारता येत नाहीत.

बंधारा बांधला होता धुरपाने.

धुरपा ही रानडुक्करीण. आता म्हातारी झाली होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान तिखट होते. तिच्या तरुणपणी एका वर्षी ओढा फाल्गुनातच आटला. तेव्हा तिला सात पिल्लं होती. वैशाख सरला तेव्हा पाच उरली. जी दोन गेली त्यांची नावं ठेवायची राहिली होती, आणि याचं तिला अजून वाईट वाटायचं. गोष्टीतल्या नायिका अशा वेळी डोळे पुसून कामाला लागतात. धुरपा काही गोष्टीतली नव्हती. ती चांगली महिनाभर रडली आणि मग कामाला लागली.

तिचा नवरा सोनबा त्या दिवसांत खालच्या डबक्यातल्या उरल्यासुरल्या चिखलात लोळत होता. तो वाईट नव्हता. "कर तुला काय करायचं ते," एवढं तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

धुरपाने साळू नावाच्या साळिंदरणीला हाताशी धरलं. दोन भेकरी आल्या, एक अस्वलीण आली. मधोमध काळ्या चिकणमातीची भिंत, तिला धुरपा बंधाऱ्याचं पोट म्हणायची. दोन्ही अंगांना मुरूम. दोन वैशाख त्या खपल्या, तेव्हा कुठे पाणी थांबलं.

पण मातीचा बंधारा म्हणजे काही एकदा बांधून विसरायची चीज नाही. उंदीर त्याला भोकं पाडतात, मुळं त्यात घुसतात, ऊन त्याला तडे देतं. म्हणून दर वैशाखात, पाणी अर्ध्यावर आलं की जंगलातल्या साऱ्या माद्या बंधाऱ्यावर जमायच्या. धुरपा मातीला कान लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकायची. मध्येच थांबून म्हणायची, "हितं." मग तोंडातून चिखल आणायचा, तिथे भरायचा, खुरांनी तुडवायचा. आठ दिवस हे चालायचं. याला लिंपण म्हणत. नर मंडळी त्या आठवड्यात "बायकांचं काहीतरी चाललंय" असं म्हणून पलीकडच्या वाटेने जायची आणि पाण्यावर मात्र वेळेवर यायची.

असं कित्येक वर्षं चाललं. मग एक दिवस शेजारच्या जंगलाने घोटाळा केला.

त्या जंगलाने आपली एक विस्मृतीत गेलेली शूर लांडगीण शोधून काढली आणि तिची मिरवणूक काढली. मिरवणुकीत माद्यांनी फेटे बांधले होते म्हणे. ही बातमी ऐकून वाघमहाराजांना दुपारची झोप लागेना.

"आपल्याकडे एकही विस्मृतीत गेलेली मादी नाही?" त्यांनी विचारलं.

"असणारच, महाराज," रंगराव कोल्हा म्हणाला. "विस्मृतीत गेल्यामुळे सापडत नाही, एवढंच."

रंगराव हा जंगलातल्या सगळ्या समित्यांचा अध्यक्ष होता. त्याने लगेच एक नवी समिती केली. समितीत अकरा जण होते. एक जागा मादीसाठी राखीव होती. ती रंगरावाच्या सौभाग्यवतींना मिळाली, आणि त्यांच्या वतीने बैठकीला रंगरावच बसायचा. त्यामुळे त्याला दोन खुर्च्या लागत.

संशोधनाचं काम इतिहासाचार्य घुबडांकडे गेलं. आचार्यांनी जुनी भूर्जपत्रं उलथीपालथी केली आणि त्यांना एक ओळ सापडली. 'ओढ्यावरील बंधारा : विद्यमान महाराजांच्या प्रेरणेने, सोनबा डुकराच्या पत्नीकडून.' विद्यमान म्हणजे तेव्हाचे, आताच्या महाराजांचे आजोबा.

"सापडली," रंगराव म्हणाला. "पत्नी म्हणजे मादीच." समितीने टाळ्या वाजवल्या आणि शोध लावल्याबद्दल आचार्यांचा तिथल्या तिथे सत्कार केला.

ही बातमी साळूने धुरपाला आणून दिली. धुरपा तेव्हा बंधाऱ्याला कान लावून पडली होती.

"धुरपे, तुझा सत्कार करनार हायती. पुतळा उभारनार."

"गप गं. जांभळीपाशी पानी बोलतंय, ऐकू दे मला."

"खरंच सांगतीया. आख्ख्या जंगलासमोर तुझं नाव घेनार."

धुरपा उठून बसली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिला कोणी नावाने हाक मारली ती या चार-पाच जणींनीच. बाकी सगळ्यांसाठी ती सोनबाची बायको, मग सोनबा गेल्यावर सोनबाच्या मागे राहिलेली. जंगलासमोर कोणीतरी एकदा 'धुरपा' म्हणेल, या विचाराने तिचे कान उगाचच हलले. त्या दिवशी ती नेहमीच्या डबक्यात लोळली नाही. वाहत्या पाण्यात गेली आणि अंगावरचा चिखल धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी ती समितीसमोर गेली. सत्काराचं होईल तेव्हा होईल, जांभळीपाशी गळती आहे आणि लिंपण आठवडाभर आधी घ्यावं लागेल, हे तिला सांगायचं होतं.

"आपण कोण?" आचार्य घुबडांनी विचारलं.

"मी धुरपा. बंधारा बांधला ती."

विस्मृतीत गेलेली मादी स्वतःच्या पायांनी चालत येईल, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत तर 'स्मृतीस अभिवादन' छापून झालं होतं.

"तुमच्याकडे काही पुरावा आहे?" आचार्य म्हणाले.

"बंधारा हाय की."

"बंधारा हा पुरावा नव्हे, बाई. ती वास्तू आहे. पुरावा म्हणजे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं."

"लिहायला आमाला सवड कुठं व्हती? तोंडात चिखल व्हता."

रंगराव मध्ये पडला. "असू द्या, आचार्य. ताई, आम्हाला तुमच्याबद्दल नितांत आदर आहे. पण आमचा विषय विस्मृतीत गेलेल्या माद्या हा आहे. तुम्हाला तर सगळं आठवतंय. तेव्हा तुम्ही फक्त उपस्थित राहा, बोलू नका. म्हणजे विषयाला बाध येणार नाही."

"बरं, न्हाई बोलत. पर जांभळीपाशी गळतंय, तेवढं लिंपन..."

"सगळं होईल," रंगराव म्हणाला आणि त्याने पुढचा विषय घेतला. पुढचा विषय फेट्यांच्या रंगाचा होता. तो सूर्यास्तापर्यंत चालला.

पुतळा घडवायचं काम सुरू झालं. एका कारागीर वानराने प्रामाणिकपणे डुकरिणीचं चित्र काढून आणलं. समितीने ते बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं.

"कर्तृत्व मोठं आहे, वादच नाही," रंगराव म्हणाला. "पण नाक जरा नाजूक करता येईल का?"

नाक नाजूक झालं. मग मान लांब झाली, पाय सडपातळ झाले, डोळे टपोरे झाले. शेवटी अंगावर ठिपकेही आले. महिन्याभरात समितीच्या हाती एक अतिशय देखणी दगडी हरिणी आली. नजर खाली झुकलेली. पायाशी एक पिल्लू हवं असं ठरलं, म्हणून पिल्लूही आलं.

आता पुतळा उभारायचा कुठे? याला फार विचार लागला नाही. जिथे कर्तृत्व, तिथेच स्मारक. बंधाऱ्याच्या बरोबर मध्यावर.

हत्तीने खड्डा खणायला घेतला तेव्हा धुरपा धावत आली. इतक्या वर्षांत तिला असं धावताना कोणी पाहिलं नव्हतं.

"थांबवा त्याला. तिथं खाली काळी माती हाय. बंधाऱ्याचं पोट हाय ते. ते फोडलं तर पानी वाट काढंल."

"ताई," रंगराव हळुवारपणे म्हणाला, "पायाच खोल नसेल तर पुतळा टिकणार कसा? तुमचं स्मारक पिढ्यान् पिढ्या उभं राहावं, एवढीच आमची धडपड आहे."

"बंधाराच न्हाई ऱ्हायला तर ते उभं कशावर ऱ्हानार?"

हा प्रश्न रंगरावाने अभ्यासासाठी उपसमितीकडे पाठवला. उपसमितीची बैठक कार्यक्रमानंतर होती. हत्ती खणत राहिला. काळी माती वर आली, ती दूर नेऊन टाकली, कारण ती घाण दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना कुंपण घातलं गेलं. कुंपणावर पाटी लागली : 'ऐतिहासिक वारसा. हात लावू नये. चिखल टाकणाऱ्यावर कारवाई होईल.' पाटीपाशी एक तरस उभं राहिलं.

म्हणजे, मुलांनो, लिंपणाच्या सन्मानार्थ त्या वर्षी लिंपण बंद झालं. ज्या माद्या लिंपायच्या, त्यांना समितीने इतर कामं वाटून दिली. भेकरींना रांगोळी. अस्वलीण औक्षणाला. साळूला लेझीम पथकात घेतलं होतं, पण तिचे काटे पुढच्यांना टोचू लागले, म्हणून तिला पाहुण्यांच्या पाण्याचं बघायला सांगितलं. तरुण माद्या दिवसभर फेटे बांधायचा सराव करत होत्या. त्या खूश होत्या, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चिखल तुडवण्यापेक्षा फेटा बांधणं कोणालाही आवडेल.

चार दिवसांनी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाने पाणी पाझरू लागलं. आधी ओल आली, मग थेंब, मग बोटाएवढी धार. धुरपाने कुंपणाच्या फटीतून ती बघितली. वैशाखाचा पहिला पंधरवडा अजून सरला नव्हता. हे पाणी गेलं तर पाऊस येईपर्यंत सगळ्या जंगलाला काही नव्हतं. त्या वर्षी कळपाकळपांत पिल्लं भरपूर होती. ती दिसली की धुरपाला तीच दोन आठवायची.

रंगरावानेही धार बघितली. तो बराच वेळ गहिवरून उभा राहिला. "बघा," तो म्हणाला, "आपल्या निर्मातीच्या आठवणीने बंधाऱ्याला रडू फुटलं." समितीने धारेभोवती दगडांची मांडणी केली, 'कृतज्ञतेचे अश्रू' अशी पाटी लावली आणि शेजारी छायाचित्र काढून घेण्यासाठी एक ओटा बांधला. ओट्यासाठी मुरूम बंधाऱ्यातलाच घेतला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. बंधाऱ्यावर मांडव पडला. व्यासपीठावर वाघमहाराज, आचार्य घुबड, समितीचे अकरा जण, शेजारच्या जंगलाचे पाहुणे, दोन गवे आणि पुतळा सरकवायला आणलेला हत्ती. मातीच्या त्या बिचाऱ्या बंधाऱ्यावर इतकं कर्तृत्व एकाच वेळी कधीच चढलं नव्हतं.

धुरपा फाटकाशी आली. तरसाने तिला अडवलं.

"पास?"

"माझाच सत्कार हाय."

"सकाळपासून सगळ्या हेच म्हणतायत. पास दाखवा."

शेवटी साळूने तिला पाणी आणणाऱ्या माद्यांच्या रांगेत घातलं आणि आत नेलं. धुरपा मांडवाच्या मागच्या कडेला, जांभळीखाली उभी राहिली. तिथून व्यासपीठ नीट दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं.

वाघमहाराजांनी पडदा ओढला. दगडी हरिणी झळकली. "ज्या महान मादीने हा बंधारा बांधला," महाराज म्हणाले, आणि धुरपाने कान टवकारले. महाराजांनी कागद उलटासुलटा केला. "त्या... त्या सोनबाच्या सौभाग्यवतींना माझं अभिवादन. माझ्या आजोबांनी त्यांना संधी दिली, हे आपण विसरता कामा नये." पुढे ते आजोबांवर बराच वेळ बोलले. मग कुटुंबाच्या वतीने शाल स्वीकारायला सोनबाच्या पुतण्याला वर बोलावलं. पुतण्या मान वाकवून उभा राहिला. शाल तीच, सगळ्या जंगलाचा वास येणारी.

धुरपाला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि त्या रागात तिने सवयीने कान जमिनीला लावला.

पाणी बोलत नव्हतं. पाणी पळत होतं.

"खाली उतरा," ती ओरडली. "समदे खाली उतरा, पोट फुटलंय."

सूत्रसंचालन करणाऱ्या मोराने पिसारा सावरला. "ताईंच्या भावना आपल्या सर्वांपर्यंत पोहोचल्या आहेत. वेळेअभावी मनोगतं घेता येणार नाहीत. आता आभारप्रदर्शन."

आभारप्रदर्शन सुरू झालं आणि चौथ्या नावाला बंधारा बसला. पुतळ्याखालची माती आधी गेली. हरिणी पिल्लासकट नाकावर आपटली, मागून व्यासपीठ घसरलं आणि मान्यवर मानाच्या क्रमाने ओढ्यात गेले. मेलं कोणी नाही. मान्यवर सहसा मरत नाहीत. ते ओले होऊन काठाला लागले आणि झाडाखाली बसून आपापसात निषेध करू लागले.

पाणी मात्र भसाभसा जात होतं.

"साळू," धुरपा म्हणाली, "तो दगूड आडवा घ्यायचा."

साळू, भेकरी, अस्वलीण आणि फेटेवाल्या तरुण पोरी, सगळ्या पाण्यात उतरल्या. घसरून पडलेला हत्ती उठत होता, त्यालाही धुरपाने कामाला लावलं. त्यांनी हरिणीला लोटत लोटत भगदाडाच्या तोंडाशी आडवं घातलं. दगड चांगला होता, हे मान्य करायला हवं. मग फटी बुजवायच्या होत्या आणि हाताशी काही नव्हतं. अस्वलिणीने मांडवाचं कापड ओढून आणलं. पोरींनी डोक्यावरचे फेटे सोडले आणि फटींत कोंबले. कोणीतरी सोनबाच्या पुतण्याच्या खांद्यावरची शाल ओढली, तीही गेली. त्यावर, दूर नेऊन टाकलेली काळी माती पुन्हा तोंडातून आली. धुरपा मध्ये उभी राहून फक्त "हितं, हितं" म्हणत होती.

दिवस मावळायच्या आत धार थांबली. पाव पाणी उरलं होतं. सांभाळून प्यायलं तर पाऊस येईपर्यंत पुरलं असतं. धुरपाने काठावर पाण्याला आलेली पिल्लं एकदा नजरेखालून घातली आणि मग ती खाली बसली.

पंधरा दिवसांनी चौकशी समिती आली. चौकशी समितीतही अकरा जण होते, आणि ते तेच होते. माद्या बंधाऱ्यावर चिखल तुडवत होत्या. पाटी लावली होती ते कुंपण आता भरावात गेलं होतं.

आचार्य घुबडांनी घसा साफ केला आणि अहवाल वाचला.

"सदर बंधारा धुरपा सोनबा रानडुक्कर, माहेरचं नाव धुरपा बहिर्जी, आईचं नाव ठकूबाई, राहणार जांभळीखाली, हिने स्वतः, कोणाच्याही प्रेरणेशिवाय बांधला असल्याचं निःसंशय सिद्ध होत आहे. बांधकाम सदोष असल्याने तो फुटला. सबब सर्व जबाबदारी तिची आहे."

साळूचे काटे उभे राहिले. "त्या दिवशी तर पुरावा नव्हता तुमच्याकडं. आता कुठनं आला?"

"बंधारा फुटला, हाच पुरावा," आचार्य म्हणाले. "दुसरा मुद्दा. धुरपाने आणि तिच्या साथीदारणींनी एका महान, विस्मृतीत गेलेल्या मादीचा पुतळा चिखलात गाडून त्याची विटंबना केली. जंगलाच्या भावना दुखावल्या आहेत."

"तो पुतळा तिचाच होता," साळू म्हणाली.

"त्याचा पुरावा काय?" रंगराव म्हणाला. "चेहरा तर जुळत नाही."

साळू पुढे सरकली, तशी धुरपाने तिला थांबवलं. ती आचार्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"ते नाव परत एकदा वाचा," ती म्हणाली.

आचार्य गोंधळले, पण त्यांनी वाचलं. धुरपा सोनबा रानडुक्कर, आईचं नाव ठकूबाई. धुरपाने डोळे मिटून, बंधारा ऐकावा तसं ते सगळं ऐकलं. आईचंही नाव आलं होतं. ते जंगलात याआधी कोणी घेतलं नव्हतं.

"बरोबर लिवलंय," ती म्हणाली. "आता बाजूला व्हा. तुमी हुबं हाय तिथली माती अजून वली हाय."

अकरा जण घाईघाईने बाजूला झाले. धुरपा खाली वाकली आणि तिने कान लावला.

तात्पर्य : मुलांनो, माद्यांच्या कर्तृत्वाची इतिहासात नोंद होत नाही, ही तक्रार साफ खोटी आहे. नोंद होते आणि आईच्या नावासकट होते. त्यासाठी फक्त त्यांनी बांधलेलं काहीतरी आपल्याला फोडावं लागतं. म्हणून आपापल्या गावातल्या एखाद्या कर्तबगार बाईचं नाव अजरामर व्हावं असं खरोखर वाटत असेल, तर आजच तिच्या सत्काराची समिती नेमा.